वर येताना रुततो तो माणूस : चिखलाच्या एका दृश्याचा प्रकरण अभ्यास

प्रसंग कागदावर चार ओळींचा होता. महापूर ओसरलाय. करवीर तालुक्यातला एक शेतकरी नदीकाठच्या आपल्या पाणी उपसायच्या मोटारीचं काय झालं ते बघायला मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या, रानातून खाली उतरतो. पुरानं आणून टाकलेल्या गाळात त्याचा पाय जातो. तो रुतत जातो, हाका मारतो, शेवटी फक्त हात वर राहतो आणि मग तोही दिसेनासा होतो.

पडद्यावर हे दृश्य सव्वातीन मिनिटांचं झालं. त्यासाठी आम्ही तीन वेगळे चिखल वापरले आणि त्यातले दोन फसले. चित्रपटाचं कला दिग्दर्शन माझ्याकडे होतं, म्हणजे चिखल ही माझी जबाबदारी. काय चुकलं, का चुकलं आणि शेवटी कशानं जमलं, ते सगळं इथं मांडतो आहे.

आमची अडचण अशी की हा चित्रपट आधी कोल्हापूरचीच माणसं बघणार होती. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून किती वर जातं, हे २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांनी दारात बघितलं, त्यांनी घरातला गाळ स्वतःच्या हातानं खोऱ्यानं ओढून काढलाय. गगनबावडा, राधानगरीकडं दर पावसाळ्यात रोपलागणीला बायामाणसं गुडघाभर चिखलात दिवस काढतात. पाणंदीत रुतलेला ट्रॅक्टर कसा बाहेर काढायचा, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. चिखल अंगानं माहीत असलेला हा प्रेक्षक आहे.

नदीकाठ

पहिला विचार सरळ होता. नदी आहे, गाळ आहे, तिथंच चित्रण करू. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रयाग चिखलीच्या पुढं जागा बघायला गेलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की गाळ दिसतच नव्हता. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, नदीत पाणी साठतं आणि पुरानं सोडलेला काठ पाण्याखाली जातो. शेवटी एका ओढ्याच्या तोंडाशी खोलीभर जागा सापडली.

आधी काठी खुपसून खोली मोजली. गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत गाळ, खाली घट्ट माती. नटाला उतरवलं. तो चांगला नट आहे, शेतकरी घरातला आहे. तो रुतला, त्यानं धडपड केली, ओरडला. आम्ही ते मॉनिटरवर बघितलं आणि सगळे गप्प झालो. समोर दिसत होता शेतात उभा असलेला एक माणूस, जो काही कारणानं फार ओरडतोय. खऱ्या जागेवरचा खरा गाळ खोटा दिसत होता.

काय बिघडलं होतं ते आता कळतं. खरा गाळ गुडघ्यापर्यंतच होता, म्हणून भीती सगळी नटाच्या चेहऱ्यावर आणावी लागत होती. चेहरा गळ्यापर्यंतच्या संकटाचा आणि पाय गुडघ्यापर्यंतच्या चिखलाचा. प्रेक्षक हा हिशोब लगेच करतो. शिवाय तिथं जास्त वेळ काम करणं मला पटत नव्हतं. जनावरं उतरतात त्या जागी लेप्टोचा, म्हणजे त्यांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो, जुन्या काचा असतात, आणि खाली नक्की काय आहे ते काठी सांगत नाही. दुपारनंतर गाशा गुंडाळला.

पहिला खड्डा

मग एका ओळखीच्या माणसाच्या पडक रानात खड्डा खणला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेचार फूट खोल. आत जाड ताडपत्री, तिच्यावर काठाजवळ रबरी मॅट. बापट कॅम्पातल्या कुंभारांकडून चाळलेली माती आणली. गणपती आणि पणत्या घडवणाऱ्या त्या हातांना मातीबद्दल मी विचारलेला प्रत्येक प्रश्न बाळबोध वाटत असणार, पण त्यांनी जे सांगितलं ते पुढं फार उपयोगी पडलं : माती पाण्यात टाकून लगेच मळायची नाही, रात्रभर भिजू द्यायची, नाहीतर गोळ्या राहतात आणि त्या ओल्या चकाकीत डोळ्याला खुपतात.

साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, वापरावी असंही एकानं सुचवलं. रंग अगदी पुराच्या गाळाचा. पण ती आंबते, आतून तापते, आणि तिच्या वासात कुणाला अर्धा तासही उभं करणं चूक ठरलं असतं. कुस्तीच्या आखाड्यातली तांबडी माती रंगानंच बाद झाली. पंचगंगेचा गाळ काळपट राखाडी असतो, वाळत आला की वर फिकट साय धरतो.

खड्डा मातीच्या दाट राड्यानं भरला. बघायला सुरेख. नट उतरला आणि मांडीपर्यंत जाऊन थांबला. पुढं जाईना. खाली अजून दोन फूट जागा होती, पण राडा त्याला आत घेत नव्हता. जोर लावून तो कमरेपर्यंत गेला तर वर ढकलल्यासारखा व्हायचा, आणि तिरका झाला की चक्क तरंगायचा.

याचं कारण शाळेतल्या विज्ञानात आहे आणि आम्ही ते विसरलो होतो. माणसाच्या शरीराची घनता साधारण पाण्याएवढीच असते, छातीत श्वास भरलेला असेल तर किंचित कमी. दाट गाळ पाण्याच्या दीडपट किंवा त्याहूनही जड असतो. जड द्रवात हलकी वस्तू पूर्ण जातच नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात रुतवणाऱ्या ओल्या वाळूवरचा प्रयोग मांडला. खारं पाणी, बारीक वाळू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणात त्यांनी माणसाएवढ्या घनतेचे मणी ठेवले. मिश्रण हलवलं तेव्हा मणी खाली गेले, पण प्रत्येक मणी अर्धाच बुडाला. त्या मिश्रणाची घनता पाण्याच्या दुप्पट होती, म्हणजे माणूस कमरेच्या आसपास थांबणार. गळ्यापर्यंत नाही, डोक्यावरून तर नाहीच.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. हलवल्यावर वाळू आणि पाणी वेगळं होतं, वाळू पायाभोवती घट्ट बसते. पाय ओढला की त्याच्याखाली रिकामी होणारी जागा भरायला पाणी आत शिरावं लागतं आणि घट्ट बसलेल्या वाळूतून ते शिरत नाही. सेकंदाला एक सेंटिमीटर एवढ्याच वेगानं पाय वर काढायचा झाला, तरी मध्यम आकाराची मोटारगाडी उचलायला लागेल एवढा जोर लागतो. आमचा गाळ म्हणजे ती खारी वाळू नव्हे, आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण धरून ठेवणं तेच. आत ओढण्यापेक्षा बाहेर न सोडणं, हा चिखलाचा खरा स्वभाव आहे.

मामांचं वाक्य

हे सगळं वाचून आम्ही शहाणे झालो होतो असं नाही. आम्ही खड्ड्यात फळ्यांचा पाळणा बसवला. नट त्याच्यावर उभा, दोन्ही बाजूंनी दोर, चौघांनी तो हळूहळू सोडायचा. माती पातळ केली. नट छातीपर्यंत व्यवस्थित खाली गेला आणि दृश्य पुन्हा मेलं. तो लिफ्टमधून तळमजल्यावर चालल्यासारखा दिसत होता. सरळ, संथ, एकाच गतीनं. बाजूनं चिखलाची लाट उठली, ती पाण्याची होती.

खड्ड्याच्या कडेला रान सांभाळणारे मामा बसले होते. त्यांची आठ-दहा म्हसरं आहेत. पुरानंतर दोनदा त्यांनी गाळातून म्हैस काढली आहे, एकदा स्वतः अडकले आहेत. दोन दिवस ते काही बोलले नव्हते. मीच विचारलं, "मामा, काय चुकतंय?"

म्हणाले, "आरं, राडीत माणूस खाली जात न्हाई. वर याय बघतोय, तवा जातोय."

मी त्यांना खड्ड्याच्या कडेच्या पातळ चिखलात उभं राहून दाखवा म्हणालो. त्यांनी धोतर खोचलं आणि दाखवलं. पहिला पाय जातो. माणूस तो काढायला दुसऱ्यावर भार देतो, की दुसरा त्याच्यापेक्षा खोल जातो. मग पहिल्यावर भार. असा तो एकेका पायानं स्वतःलाच आत कोंबतो. कंबर सरळ राहत नाही, ती पिळवटते. गुडघ्याखालचं सगळं एका जागी, वरचं अंग भलतीकडं. मग तो पुढं पडतो, हात टेकतो, हातही कोपरापर्यंत जातात, आणि ते काढताना छाती खाली जाते. मधे मधे तो दमून थांबतो. थांबला की रुतणंही थांबतं. मामा म्हणाले, "थांबला का मग त्येला कळतंय. तवर नुसताच रागावल्याला असतोय."

शेवटच्या वाक्यानं नटाचं काम बदललं. तोवर तो पहिल्या क्षणापासून घाबरत होता. आता आधी चिडला : चप्पल गेली म्हणून, विजार खराब झाली म्हणून, मोटार तिकडं पडली आहे आणि आपण इथं अडकलोय म्हणून. भीती आली ती पहिल्यांदा थांबल्यावर.

तिसरा चिखल

मामांनी दाखवलेलं घडायला दोन गोष्टी लागणार होत्या. दिसायला दाट पण वजनाला हलका असा चिखल, आणि एकेक पाय वेगवेगळ्या वेळी खाली जाईल अशी जमीन.

चिखलाचा प्रश्न बेंटोनाईटनं सोडवला. इमारतीच्या पायातल्या खोल खांबांसाठी (पाइलसाठी) जमिनीत भोकं पाडताना कडा ढासळू नयेत म्हणून जी माती कालवून ओततात, ती ही. पाण्यात खूप फुगते. शेकडा सहा-सात भाग घातले तरी रात्रीत सगळं पाणी लापशीसारखं आळतं आणि वजन मात्र पाण्याहून जेमतेम जास्त राहतं. म्हणजे माणूस यात खांद्यापर्यंत जाऊ शकतो. शिवाय स्थिर असताना ती आळून घट्ट होते आणि ढवळली की सैल पडते, खऱ्या गाळासारखीच. पंधरा हजार लिटरच्या खड्ड्याला पन्नास किलोची वीस पोती लागली. पोतं पाण्यात सोडायचं, पोत्यावर पाणी ओतायचं नाही, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. कुंभारांनी सांगितलेलंच शास्त्र. रंगासाठी चाळलेली काळी माती, वर अगदी पातळ थरात खरा गाळ, त्याच्यावर उसाचा पाला, चिपाडाचा भुसा, प्लॅस्टिकच्या चिंध्या. पूर ओसरलेल्या रानात हेच असतं.

या बेंटोनाईटबद्दल एक सूचना, कारण हे कुणी सांगत नाही. ते जमिनीत सोडू नका. शेततळ्याची गळती थांबवायला हीच माती वापरतात, म्हणजे रानात ओतली तर त्या रानाचा निचराच बंद होईल. आम्ही ताडपत्रीतून सगळं उपसून टँकरनं नेलं.

जमिनीसाठी पाळणा काढून टाकला. त्याऐवजी तळाला वीटकाम करून वाकड्यातिकड्या पायऱ्या केल्या : दीड फूट, सव्वादोन, तीन, चार. प्रत्येक पायरी एका पायापुरती, एक डावीकडं, एक उजवीकडं. नटानं डोळे मिटून त्या पाठ केल्या. आता तो स्वतःच, धडपडीच्या ओघात, एकेक पायरी गमावत खाली जायचा. गती त्याच्या ताब्यात होती. जोर लावला की जायचा, थकला की थांबायचा.

राहिली पकड. बेंटोनाईट हलका, त्यातून पाय सहज सुटतो, आणि नट पाय अडकल्याचा अभिनय करू लागला की कळतंच. घोट्याला दोर बांधू असं सुचवलं गेलं, त्याला मी साफ नकार दिला. चिखलात माणसाला कधीही बांधायचं नाही. आम्ही दोन नंबर मोठे गमबूट घेतले, टाचेकडून उभे चिरले आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर स्क्रूनं पक्के केले. नटाचा पाय बुटात गेला की वर ओढताना खरोखर अडायचा. मांडीचे स्नायू खरोखर ताणायचे, मान फुगायची. टाच मागं केली की चिरेतून पाय मोकळा. कमरेच्या खालच्या चित्रणापुरतंच हे वापरलं. छातीपर्यंतच्या वेळी बूट नव्हतेच आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दोन माणसं कायम खड्ड्यात उभी होती. डिसेंबरची सकाळ, पाणी गार. वीस मिनिटं झाली की नट बाहेर, गरम पाणी, चहा, घोंगडं.

शेवटाचा वाद

चिखल जमल्यावर दिग्दर्शकांशी माझा मोठा वाद झाला, तो शेवटच्या हाताबद्दल. त्यांना हात बुडताना हवा होता. माझं म्हणणं होतं की खऱ्या गाळात तो बुडत नाही, आणि आपला प्रेक्षक ते बुद्धीनं सांगू शकला नाही तरी अंगानं ओळखेल. त्यांनी विचारलं, "मग माणूस मरतो कसा?"

समुद्रकाठच्या चिखलात अडकलेल्या माणसाचा जीव बहुतेक वेळा भरतीच्या पाण्यानं जातो. आमच्याकडं भरती नाही, पण राधानगरी आहे. धरण भरलं की तिथले स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, पाणी भोगावतीत येतं आणि काही तासांनी पंचगंगा पुन्हा चढायला लागते. पाऊस इथं थांबलेला असतो, पाणी तिकडून येतं. कोल्हापुरात दरवाजे उघडल्याची बातमी कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पटकथा बदलली. शेतकरी कमरेपर्यंत रुतून थांबतो. आणखी खाली जात नाही. तिन्हीसांजेला लांबून कुणाच्या तरी मोबाईलवर दरवाजा उघडल्याचं ऐकू येतं. त्याच्या शेजारी गाळात उसाचं एक टिपरं उभं आहे. त्याच्या बुडाशी पाण्याची चकाकी येते. बस. पुढचं दाखवलेलं नाही.

टिपऱ्याला आणखी एक काम होतं. ते आम्ही तळाला पक्कं रोवलं होतं. माणूस किती खाली गेला हे प्रेक्षक त्याच्या पेऱ्यांवरून मोजत राहतो, नकळत. अशी एक न हलणारी वस्तू शरीराजवळ नसेल तर रुतणं डोळ्याला कळत नाही, मग दिग्दर्शक चेहऱ्याचे जवळचे शॉट वाढवतो आणि प्रत्येक कटला विश्वास थोडा गळतो. म्हणून गुडघ्यापासून कमरेपर्यंतचा भाग एकाच सलग शॉटमध्ये ठेवला, कॅमेरा चिखलापासून हातभर उंचीवर. वरून घेतलेला शॉट आम्ही करून बघितला. वरून चिखल डबक्यासारखा दिसतो.

उजेडाचंही सांगायला हवं. कडक उन्हात चिखल पांढुरका आणि सपाट होतो. डिसेंबरच्या उन्हाला ऑगस्ट करायला खड्ड्यावर पांढरं कापड ताणलं आणि समोरून येणारा तिरपा उजेड तेवढा ठेवला. त्यानं ओल्या कडा चमकल्या. अंगाभोवती चिखल आधी खोलगट होतो, मग त्याची कड हळूच परत मिटते. ती मिटणारी कड हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो. पाणी चटकन सपाट होतं, चिखल वेळ घेतो.

कपड्यांचे चार जोड होते. खूण अशी ठेवायची की माणूस थोडा वर आला की चिखलाची रेघ चिखलाच्या पातळीच्या वर दिसली पाहिजे. तो आत्ताच आणखी खोल जाऊन आलाय, हे त्या चार बोटांच्या ओल्या पट्टीतून कळतं. ही पट्टी चुकली तर बाकी सगळी मेहनत वाया.

आवाज

जागेवरचा आवाज पंपामुळं निकामी होता. सगळा नंतर केला, आणि माझ्या मते निम्मा चिखल आवाजात आहे. बेंटोनाईट दिसतो दाट, पण वाजतो पातळ. म्हणून खऱ्या गाळाची दोन घमेली स्टुडिओत नेली. पितळी तांब्या पालथा दाबून हळू ओढला की हवा आत ओढली जाण्याचा जो खोल, ओला आवाज येतो, तो पाय निघण्याचा ठेवला. पण तो पूर्ण आवाज फक्त एकदाच वापरला, चप्पल निघते तेव्हा. नंतर प्रत्येक वेळी तो सुरू होतो आणि मधेच तुटतो, कारण पाय निघतच नाही. संगीत नाही. टिटवी, लांबचा ट्रॅक्टर, आणि श्वास. थांबल्यावरचा श्वास सगळ्यात मोठा.

मामांना संकलन झाल्यावर दृश्य दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी काहीच म्हटलं नाही, पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी एका जागी बोट ठेवलं : नट कोपर उचलतो तेव्हा चिखल धारेनं ओघळतो. "राड अशी गळत न्हाई, लोंबती." त्यांचं बरोबर होतं. तो शॉट चार सेकंदांचा आहे, बदलायला दुसरा घेतलेला नव्हता, म्हणून तो चित्रपटात तसाच राहिला आहे. पुढच्या वेळी नट खड्ड्यात उतरण्याआधी त्याच्या हातांना कोपरापर्यंत खऱ्या गाळाचा लेप द्यायचा आणि मगच बेंटोनाईटमध्ये हात घालायला सांगायचं, असं माझ्या वहीत लिहून ठेवलंय.